मी अविवाहित आहे, हे सिद्ध कसं करायचं?

मंडळी, आपल्या आयुष्यात जे जे ‘आहे’ त्याचे पुरावे आपण फायलीत जपून ठेवतो. जन्म झाला, त्याचा दाखला आहे. दहावी झाली, गुणपत्रिका आहे. घर घेतलं, करारनामा आहे. पण जे ‘नाही’ त्याचा पुरावा कुठून आणायचा? आपलं लग्न झालेलं नाही, हे एखाद्या अनोळखी अधिकाऱ्याला कागदावर पटवून द्यायची वेळ आली तर?

गावाकडे हा प्रश्न पडायचा नाही. सोयरीक जुळवताना मामा, आत्या, मध्यस्थ चार घरी चौकशी करून यायचे. मुलाचं आधी कुठे काही झालं होतं का, मुलीचं कुठे मोडलं होतं का, सगळं कळायचं. गाव हीच नोंदवही होती. युरोपातही जुन्या काळी हेच होतं. चर्चमध्ये सलग तीन रविवारी लग्नाची घोषणा व्हायची आणि कुणाची हरकत असेल तर त्यानं पुढे यावं, असं सांगितलं जायचं. आता मुलगी इंदूरची, नोकरी बंगळुरूची आणि लग्न जर्मनीत. तिथल्या नोंदणी कार्यालयातल्या बाईंना ना तुमचं गाव माहीत, ना तुमची आत्या. म्हणून त्या एक कागद मागतात. विवाहाला कायदेशीर अडथळा नाही, असं सांगणारा दाखला. कुणी त्याला ‘सिंगल स्टेटस सर्टिफिकेट’ म्हणतं, कुणी ‘नो इम्पेडिमेंट’, तर कुणी सरळ ‘अविवाहित असल्याचा दाखला’.

यंदाच्या ‘कागदोपत्री’मध्ये हाच कागद. तो मिळवायचा कसा आणि तो समोरच्याकडून मागायचा कसा, दोन्ही पाहू.

कोणता देश काय मागतो?

सगळीकडे एकच नियम असता तर किती बरं झालं असतं! पण तसं नाही.

इटलीच्या नागरी संहितेतलं कलम ११६ म्हणतं की, तिथे लग्न करू पाहणाऱ्या परदेशी व्यक्तीनं आपल्या देशाच्या अधिकाऱ्याकडून ‘या लग्नाला हरकत नाही’ असं लिहून आणावं. या कागदाला तिथे ‘नुल्ला ओस्ता’ म्हणतात.

जर्मनीत अशा दाखल्याचं नाव आहे ‘एहेफेहिशकाइट्सत्सोइग्निस’. एका दमात म्हणून दाखवा! अर्थ सोपा आहे, विवाहक्षमतेचा दाखला. गंमत अशी की, जर्मनीला हवा तसा दाखला भारत देतच नाही. मग तिथली वाट वेगळी. तुम्ही स्थानिक विवाह नोंदणी कार्यालयात कागद द्यायचे, ते प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयाकडे जातात आणि त्या न्यायालयाचे अध्यक्ष ‘यांना हा दाखला देण्यापासून सूट आहे’ असा आदेश काढतात. ही सूट सहा महिने चालते. त्या मुदतीत लग्न झालं नाही, तर पुन्हा श्रीगणेशा.

इंग्लंडमध्ये दाखल्यापेक्षा नोटिशीवर भर आहे. नोंदणी कार्यालयात दोघांनी स्वतः जाऊन नोटीस द्यायची, ती किमान २८ दिवस लावली जाते, मग लग्न. परदेशी नागरिकाच्या बाबतीत ही मुदत ७० दिवसांपर्यंत वाढू शकते. शिवाय फक्त लग्न करून परत येणार असाल, तर साधा पर्यटक व्हिसा चालत नाही. त्यासाठी वेगळा व्हिसा आहे.

ऑस्ट्रेलियात लग्नाची नोटीस किमान एक महिना आधी द्यावी लागते. अमेरिकेत लग्नाचा परवाना स्थानिक कार्यालय देतं आणि बहुतेक ठिकाणी आपण अविवाहित असल्याचं शपथेवर सांगायचं असतं. पण वाग्दत्त वधू किंवा वर म्हणून अमेरिकेचा व्हिसा घेत असाल, तर दोघेही लग्नाला मोकळे आहेत हे आधीच दाखवावं लागतं. आधीची लग्नं झाली असतील, तर ती संपल्याचे कागद लागतात. आणि तिथे पोहोचल्यावर ९० दिवसांत लग्न करावं लागतं.

म्हणून पहिली पायरी एकच. ज्या कार्यालयात लग्न नोंदवायचं आहे, त्याच कार्यालयाकडून कागदांची यादी लेखी घ्या. मैत्रिणीच्या मावसबहिणीनं तीन वर्षांपूर्वी काय दिलं होतं, त्यावर जाऊ नका. एकाच देशातल्या दोन शहरांतही मागण्या वेगळ्या असू शकतात.

‘मोकळे’ म्हणजे फक्त अविवाहित नव्हे

इथे अनेकांची गफलत होते. लग्नाला मोकळे असणं म्हणजे आधीचा जोडीदार हयात नसणं किंवा कायद्यानं वेगळा झालेला असणं, एवढंच नाही. वय आणि नातंही पाहिलं जातं.

वयाचं उदाहरण घ्या. जर्मनीत लग्नाचं वय १८ आहे. पण तिथला कायदा म्हणतो की, प्रत्येकाची विवाहक्षमता त्याच्या स्वतःच्या देशाच्या कायद्यानं ठरेल. भारतात मुलाचं वय २१ पूर्ण लागतं. म्हणजे वीस वर्षांच्या भारतीय मुलाला जर्मनीत जाऊनही थांबावंच लागेल.

नात्याचंही तसंच. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे अनेक समाजांत परंपरेनं चालत आलंय. पण १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातल्या निषिद्ध नात्यांच्या यादीत मामेबहीण आणि आतेबहीण आहेत. रूढी असेल तर कायदा सवलत देतो, पण ती रूढी दाखवून द्यावी लागते. नात्यातच लग्न ठरलं असेल, तर हा मुद्दा वकिलाशी आधीच बोलून घ्या.

आपल्याकडे हा दाखला देतं कोण?

आता खरी अडचण. भारतात ‘कोण विवाहित आणि कोण अविवाहित’ हे एका जागी सांगणारी देशभराची नोंदवही नाही. आधार कार्डावर वैवाहिक स्थिती नसते. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये सगळ्या धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करा, असं राज्यांना सांगितलं. महाराष्ट्राचा विवाह नोंदणीचा आजचा कायदा १९९८ चा आहे आणि गोव्यात तर पोर्तुगीज राजवटीपासून नागरी नोंदणी रुळलेली आहे. तरीही आपल्या आजी-आजोबांच्या, कित्येकांच्या आई-वडिलांच्या लग्नाची नोंद कुठेच नाही. त्यामुळे एखाद्या विवाह निबंधकानं ‘आमच्याकडे नोंद सापडली नाही’ असं लिहून दिलं, तरी तो फक्त आपल्या कार्यालयापुरतं बोलतो. पुण्याच्या निबंधकाला बडोद्याचं काय ठाऊक?

मग आपला दाखला उभा राहतो कशावर? शपथेवर. तुम्ही प्रतिज्ञापत्र करता की, मी अमुक, माझं लग्न झालेलं नाही, माझ्या लग्नाला कायद्याची हरकत नाही. बऱ्याच वेळा आई-वडिलांचंही तसंच प्रतिज्ञापत्र मागितलं जातं, कारण मुलाचं लग्न झालंय की नाही हे त्यांच्याइतकं कोण जाणणार? म्हणजे गावाची साक्ष गेली आणि तिच्या जागी आई-बाबांची साक्ष आली.

या प्रतिज्ञापत्रांवर नोटरीची किंवा दंडाधिकाऱ्याची सही होते. काही देश त्यावर भागवतात, काहींना तहसीलदार किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा वेगळा दाखला लागतो. तुम्ही आधीच परदेशात राहत असाल, तर तिथला भारतीय दूतावास अशा कागदांच्या आधारे दाखला देतो. दूतावासाच्या वेबसाइटवर कागदांची यादी असते, ती आधी वाचा.

कागदाचा प्रवास

प्रतिज्ञापत्र झालं म्हणजे काम झालं, असं नाही. परदेशी अधिकाऱ्याला नोटरीची सही ओळखता येत नाही. म्हणून ती सही खरी आहे, असं आपलं सरकार सांगतं. याचा क्रम साधारण असा:

१. नोटरी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर प्रतिज्ञापत्र.
२. राज्य सरकारच्या संबंधित विभागाकडून, बऱ्याच राज्यांत गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाकडून, त्या सहीची खातरजमा.
३. परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल किंवा साक्षांकन.
४. गरज असेल तर त्या देशाच्या दूतावासाची पडताळणी.
५. त्या देशाच्या भाषेत, तिथे मान्य असलेल्या अनुवादकाकडून भाषांतर.

अपोस्टिल म्हणजे एका आंतरराष्ट्रीय करारानुसार लावलेला शिक्का. भारत या करारात २००५ मध्ये आला. हा शिक्का असला की करारातल्या दुसऱ्या देशाला दूतावासाची वेगळी सही लागत नाही. पण याला अपवाद आहेत. भारताच्या सहभागावर जर्मनीनं आक्षेप नोंदवला होता. त्यामुळे जर्मनीसाठी अपोस्टिलवर विसंबून चालत नाही. तिथे भारतीय कागदांची प्रत्यक्ष चौकशी करून पडताळणी करण्याची पद्धत आहे आणि त्यात महिने जातात. उलट कॅनडा या करारात जानेवारी २०२४ मध्ये आला. त्यामुळे कॅनडाबद्दलची जुनी माहिती आता उपयोगाची नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आपल्या वाचकांसाठी खास महत्त्वाची. कागद ज्या राज्यात निघाला, खातरजमा त्याच राज्याची लागते. जन्म ग्वाल्हेरचा, प्रतिज्ञापत्र हैदराबादचं, घटस्फोटाचा हुकूमनामा नाशिकचा असेल, तर तीन राज्यांत तीन फेऱ्या! नवं प्रतिज्ञापत्र कुठे करायचं, हे मात्र आपल्या हातात असतं. जिथून पुढची कामं सोपी पडतील, तिथेच करा. दुसरी गोष्ट, परराष्ट्र मंत्रालय अर्ज थेट काउंटरवर घेत नाही, नेमलेल्या संस्थांमार्फत घेतं. त्या संस्थांची नावं मंत्रालयाच्या वेबसाइटवर आहेत. ‘दोन दिवसांत काम करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला मूळ कागद देण्याआधी ती यादी जरूर बघा.

आणि हो, अपोस्टिल सांगतं ते इतकंच की सही आणि शिक्का खरा आहे. आतला मजकूर खरा आहे, असं ते सांगत नाही. ती जबाबदारी शपथ घेणाऱ्याची.

नावाचं दुखणं

आपल्या मराठी नावांची रचना परदेशी फॉर्मात बसत नाही. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव स्वतःच्या नावाला चिकटलेलं, जन्मदाखल्यावर नुसतं ‘मुलगी’ एवढंच, दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी आणि आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन ठिकाणी तीन. आपल्याला यात काही वाटत नाही. पण परक्या देशातल्या कारकुनासाठी ही तीन वेगवेगळी माणसं असतात.

म्हणून बाकी काही करण्याआधी सगळे कागद एका ओळीत मांडा आणि पासपोर्ट हा आधार धरून तपासा. नाव, स्पेलिंग, जन्मतारीख, जन्मगाव, आई-वडिलांची नावं. जन्मदाखल्यात नाव घालायचं राहिलं असेल, तर ज्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद आहे तिथे अर्ज करा. नाव बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी हाताशी ठेवा. किरकोळ फरक असतील, तर ‘ही सगळी नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र करता येतं. पण ते चालेल का, हे त्या परदेशी कार्यालयाला आधी विचारा.

घटस्फोटित आणि विधवा मैत्रिणींनो, पासपोर्टचं शेवटचं पानही बघा. तिथे आधीच्या जोडीदाराचं नाव छापलेलं असेल आणि तुम्ही हातात ‘लग्नाला मोकळी’ असा दाखला घेऊन उभ्या असाल, तर प्रश्न येणारच. पासपोर्ट आधी नव्यानं काढून घेतलेला बरा.

दुसरं लग्न करताना

जोडीदाराचं निधन झालं असेल, तर मृत्यूचा दाखला आणि आधीच्या लग्नाचा दाखला, दोन्ही मागितले जातात. आधीच्या लग्नाची नोंदच नसेल, तर तिथून सुरुवात करावी लागते.

घटस्फोट झाला असेल, तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हवी. साधी झेरॉक्स चालत नाही. वादातून किंवा एकतर्फी मिळालेल्या निकालावर हिंदू विवाह कायद्यानुसार ९० दिवसांत अपील करता येतं. ती मुदत संपेपर्यंत दुसरं लग्न करता येत नाही. त्यामुळे ‘अपील झालेलं नाही’ असा न्यायालयाचा दाखलाही सोबत घेऊन ठेवा. आपल्याकडच्या तालुका-जिल्हा न्यायालयांचे निकाल बऱ्याचदा मराठीत असतात. त्यांच्या भाषांतराला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, हे हिशोबात धरा.

सगळ्यात नाजूक प्रकरण म्हणजे काडीमोड. पंचांसमोर झालेली फारकत, सोडचिठ्ठी, शंभराच्या स्टँपवर दोघांनी केलेल्या सह्या. ज्या समाजात तशी रूढी आहे, तिथे हिंदू विवाह कायदा ती मान्य करतो. पण परदेशातल्या कार्यालयात पंचांचा कागद कोण वाचणार? आणि रूढी नसलेल्या समाजात तर स्टँपपेपरवरच्या सह्यांनी घटस्फोट होतच नाही. अशा वेळी आधी न्यायालयात जाऊन आपली स्थिती घोषित करून घ्यावी लागते. मन घट्ट करून हे काम करा. एका स्टँपपेपरवर विसंबून परदेशात संसार थाटायचा आणि दहा वर्षांनी मुलांच्या कागदपत्रांत तो प्रश्न उभा राहायचा, यापेक्षा आत्ताची दगदग परवडली.

‘नुसतं रजिस्टर’ करून ठेवलंय?

हे आपल्याकडे सर्रास होतं. मुलगा परदेशात, व्हिसाला वेळ लागतो, म्हणून साखरपुड्यानंतर लगेच लग्न रजिस्टर करून टाकायचं. हॉल, मांडव, सनई पुढच्या डिसेंबरात. घरचे म्हणतात, ‘अजून लग्न कुठे झालंय? नुसत्या सह्याच तर केल्यात!’

थांबा. विशेष विवाह कायद्याखाली निबंधकासमोर साक्षीदारांसह सह्या झाल्या असतील, तर ते लग्नच आहे. पूर्ण, पक्कं. सोयरीक मोडली तर घटस्फोट घ्यावा लागेल आणि तोवर ‘अविवाहित’ असं शपथेवर लिहिता येणार नाही.

हिंदू विवाह कायद्याखाली गोष्ट वेगळी आहे, आणि तीही गुंतागुंतीची. तिथे आधी विधी, मग नोंदणी. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच एक जोडपं आलं होतं. विधी न होताच त्यांनी विवाहाचं प्रमाणपत्र मिळवून नोंदणी केली होती, समारंभ नंतर करायचा होता आणि मधल्या काळात बिनसलं. न्यायालयानं सांगितलं की, विधी झालेच नाहीत तर नुसत्या नोंदणीनं हिंदू विवाह होत नाही. त्या दोघांचं लग्न झालेलंच नाही, असं न्यायालयानं घोषित केलं. पण त्यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, हे विसरू नका. म्हणजे सही इकडची असो की तिकडची, ती ‘नुसती’ कधीच नसते.

याच कारणानं परदेशातल्या सुंदर समुद्रकिनाऱ्यावर लग्न करायचं स्वप्न असेल, तर आधीच ठरवा. कायदेशीर लग्न कुठे? भारतात नोंदणी करून गेलात, तर तिकडे फक्त समारंभ होईल. तिकडे पुन्हा ‘अविवाहित’ म्हणून नोंदणी करता येणार नाही.

तोच कागद समोरच्याकडेही मागा

आतापर्यंत आपण कागद द्यायचं बोललो. आता मागायचं बोलू, कारण हा दाखला मुळात आहे कुणासाठी? तुमच्याशी लग्न करणाऱ्या माणसासाठी. त्याची किंवा तिची फसवणूक होऊ नये म्हणून. मग परदेशातून स्थळ आल्यावर आपण पगार विचारतो, घर स्वतःचं की भाड्याचं विचारतो, व्हिसा कोणता ते विचारतो आणि हा एक प्रश्न विचारायला लाजतो, असं का?

तिकडे आधीच संसार असलेल्या मुलाशी इथे वाजत-गाजत लग्न लावून दिलेल्या मुली आपल्या देशात कमी नाहीत. अनिवासी भारतीयांशी झालेल्या लग्नांतल्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगाला २००९ पासून स्वतंत्र कक्ष चालवावा लागतो, यावरूनच काय ते समजा.

मुलगा अविवाहित म्हणत असेल, तर त्याच्या देशातून त्याच अर्थाचा दाखला मागा. घटस्फोटित असेल, तर अंतिम आदेशाची प्रत मागा आणि ‘अंतिम’ या शब्दाकडे लक्ष द्या. इंग्लंडमध्ये घटस्फोट दोन टप्प्यांत होतो. पहिल्या आदेशानंतर किमान सहा आठवडे गेल्यावरच शेवटचा आदेश मिळू शकतो. तोवर लग्न टिकूनच असतं. ऑस्ट्रेलियात आदेशानंतर साधारणपणे एक महिना आणि एक दिवसानं, तर कॅनडात ३१ व्या दिवशी घटस्फोट लागू होतो.

आणखी एक बारकावा. मुलाचं पहिलं लग्न हिंदू पद्धतीनं झालं असेल आणि घटस्फोट परदेशी न्यायालयातून मिळवला असेल, तर तो भारतात मान्य होईलच असं नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ च्या एका निकालात सांगितलंय की, आपल्या कायद्यात नसलेल्या कारणावरून किंवा बायकोला खरोखर बाजू मांडायची संधी न देता मिळालेला परदेशी घटस्फोट इथे धरला जाणार नाही. म्हणजे तिकडे तो मोकळा आणि इकडे अजून कुणाचा तरी नवरा! अशा स्थळाच्या बाबतीत हुकूमनामा वकिलाला दाखवल्याशिवाय तारीख ठरवू नका.

कायदा कडक आहे. पहिला जोडीदार हयात आणि लग्न कायम असताना दुसरं लग्न केलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पहिलं लग्न लपवून दुसरं केलं तर दहा वर्षांपर्यंत. पण शिक्षेनं मोडलेलं आयुष्य सांधत नाही. चार कागद आधी मागितल्यानं कदाचित सांधायची वेळच येणार नाही.

‘पाहुण्यांना राग येईल’ अशी भीती वाटत असेल, तर एक सोपा उपाय आहे. आपला दाखला आधी पुढे करा. ‘हे आमच्या मुलीचे कागद, आता तुमचे द्या’ असं म्हटलं की मान राखला जातो आणि कामही होतं. ज्यांचं सगळं सरळ आहे, त्यांना यात रागवण्यासारखं काही नसतं.

वेळेचा हिशोब

हा दाखला फार लवकर काढूनही चालत नाही. अनेक देशांत तो तीन किंवा सहा महिन्यांपेक्षा जुना नको असतो. म्हणून कामं दोन गटांत वाटा. जी शिळी होत नाहीत ती आधी: नावातल्या दुरुस्त्या, जन्मदाखला, हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, पासपोर्ट. जी शिळी होतात ती नंतर: प्रतिज्ञापत्रं, अविवाहित असल्याचा दाखला, अपोस्टिल, भाषांतर. लग्नाची तारीख धरून उलटे मोजा. आणि हॉलचा ॲडव्हान्स कागदांची यादी हातात आल्यावरच द्या.

एक पर्याय आणखी आहे. दोघांपैकी किमान एक भारतीय नागरिक असेल, तर १९६९ च्या परदेशी विवाह कायद्यानुसार परदेशातल्या भारतीय दूतावासात लग्न करता येतं. त्यासाठी नोटिशीआधी दोघांपैकी एकानं तिथे किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं आणि नोटीस लागल्यावर हरकतींसाठी आणखी ३० दिवस थांबावं लागतं. ती नोटीस भारतातही प्रसिद्ध होते. म्हणजे पुन्हा गावाला विचारणं आलंच! सगळे देश आपल्या भूमीवर अशा लग्नांना परवानगी देत नाहीत, तेव्हा दूतावासाला विचारूनच पुढे जा.

घरात परदेशी लग्नाचा विचार चालू असेल, तर आज संध्याकाळी एवढंच करा. जन्मदाखला, पासपोर्ट, दहावीचं प्रमाणपत्र हे तीन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा. आई-बाबांनाही सोबत बसवा. उद्या त्यांनाही शपथ घ्यायची आहे, तेव्हा त्यांनी कशावर सही करायची ते त्यांना आजच कळू द्या.